शंभर मैलांचा घोडा आणि आपला वंशाभिमान

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पांढराशुभ्र अरबी घोडा, कमानीसारखी मान, झेंड्यासारखी वर धरलेली शेपूट, मागे वाळवंट. खाली लिहिलं होतं, 'मामू, इसको बोलते असली खून. चौदासौ साल का खानदान.' पाठोपाठ बदामांची रांग लागली. कुणी 'माशाअल्लाह' लिहिलं, कुणी किंमत विचारली.

मी काही लिहिलं नाही. मी नालबंदाचा नातू आहे. मिरजेत आमचं आडनाव आणि आमचा धंदा एकच होता. टांगा स्टँडच्या मागे आजोबांची जागा होती. एक ऐरण, एक भाता, खूर तासायची रापी आणि नालांनी भरलेला पत्र्याचा डबा. लहानपणी मी तिथे बसत असे. एकदा एक देखणा, चकचकीत घोडा आला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, तेव्हा आजोबा म्हणाले, 'पाँव देख, मूं मत देख.' त्या घोड्याचा मागचा खूर एका बाजूने झिजला होता. मालकाला पत्ताच नव्हता, कारण मालक वरचा घोडा बघत होता.

टांगे गेले, आजोबाही गेले. धंदा आमच्या घरात कुणी पुढे नेला नाही. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. गेली काही वर्षं मी लांब पल्ल्याच्या घोडेशर्यतींबद्दल आणि त्यासाठी घोडे पैदा करणाऱ्यांबद्दल वाचतोय, तेव्हा ते पुन्हा पुन्हा आठवतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. घोड्याची जात वंशावळीच्या कागदावर टिकत नाही. आपण बक्षीस कशाला देतो, त्यावर ती घडते किंवा बिघडते. ही गोष्ट अरबस्तानच्या घोड्याला लागू आहे आणि आपल्या भीमथडीच्या तट्टालाही. भीमथडीच्या बाबतीत तर हा निर्णय आत्ता आपल्या हातात आहे, म्हणून हा लेख.

शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महालक्ष्मी येते. तिथली डर्बी 2400 मीटरची. अडीच मिनिटांच्या आसपास खेळ खलास. मी ज्या शर्यतीबद्दल बोलतोय तिला एन्ड्युरन्स म्हणतात. तिचं मोठं अंतर 160 किलोमीटर, म्हणजे शंभर मैल. डर्बीच्या साधारण 67 पट. हे अंतर एका दिवसात, एकाच घोड्यावर कापायचं असतं.

ही शर्यत टप्प्याटप्प्याने होते. दर 30-40 किलोमीटरनंतर घोडा थांबतो आणि पशुवैद्य त्याला तपासतात. या जागेला व्हेट गेट म्हणतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या मिनिटांत घोड्याची नाडी 64 ठोक्यांवर यावी लागते. मधल्या टप्प्यांना 15 मिनिटं, शेवटी 20. मग त्याला दुडक्या चालीने पळवून लंगडतोय का ते बघतात. हिरड्यांचा रंग, चिमटीत धरून सोडलेली कातडी किती पटकन जागेवर जाते, पोटात आतड्यांचा आवाज येतोय का, पाठीवर खोगिराने जखम झालीय का, हे सगळं बघतात. यातलं एक जरी बिनसलं तरी घोडा बाद. पहिल्या नंबरावर असला तरी बाद. 159 किलोमीटर पळून शेवटी लंगडला तरी बाद.

यात एक बारीक खुबी आहे. मधल्या टप्प्यावर घोडा पोचला की घड्याळ थांबत नाही. नाडी खाली आणून घोडा तपासणीला उभा केला की मग थांबतं. जो घोडा धापा टाकत आला आणि शांत व्हायला दहा मिनिटं लागली, त्याची ती दहा मिनिटं गेली. म्हणजे इथे नुसतं पळणं पुरत नाही, पळाल्यावर सावरणंही लागतं. जाणकार पैदासकार घोड्यात पहिल्यांदा हेच शोधतो.

हा खेळ आपल्यापासून फार दूरचा आहे असं समजू नका. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातली निदा अंजुम चेलाट ही मुलगी 2023 साली फ्रान्समध्ये कास्तेलसाग्रात इथल्या तरुणांच्या जागतिक स्पर्धेत उतरली आणि 120 किलोमीटर पूर्ण करणारी पहिली भारतीय ठरली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्येच मोंपाझिए इथे मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत तिने 160 किलोमीटर पूर्ण केले. 'पूर्ण करणं' हीच या खेळात मोठी गोष्ट असते, हे आपल्या वर्तमानपत्रांना नीट कळलं नाही. कितवी आली, एवढंच त्यांनी विचारलं.

आता घोड्याकडे येऊ. शंभर मैलांसाठी लागणारा घोडा डर्बीच्या घोड्यापेक्षा वेगळा असतो. स्नायूंमध्ये दोन तऱ्हेचे तंतू असतात. काही झटकन आकसतात, मोठा जोर देतात आणि लवकर थकतात. काही सावकाश आकसतात, चरबी जाळून चालतात आणि तासन् तास काम देतात. अरबी घोड्यात या दुसऱ्या तऱ्हेचे तंतू तुलनेने जास्त. 2010 साली आयर्लंडमधल्या संशोधकांनी थरोब्रेड घोड्यांत मायोस्टॅटिन या जनुकाचं एक रूप कमी अंतराच्या वेगाशी जोडलेलं दाखवलं. ते रूप अरबी घोड्यांत क्वचितच सापडतं. तिथली निवड शतकानुशतकं वेगळ्या कामासाठी झाली.

अरबी घोडा आकाराने मोठा नसतो. वजन साधारण 400 ते 450 किलो, कातडी पातळ, अंगावर मांसाचा भार कमी. त्यामुळे आतली उष्णता पटकन बाहेर जाते, आणि लांब पल्ल्यात निम्मी लढाई उष्णतेशीच असते. उन्हात कष्ट करणारा घोडा तासाला दहा लिटर किंवा त्याहून अधिक घाम गाळू शकतो. माणसाचा घाम रक्ताच्या मानाने फिका असतो, घोड्याचा खारट. पाण्याबरोबर मीठही इतकं जातं की रक्त घट्ट झाल्याची खूण मेंदूपर्यंत नीट पोचत नाही आणि घोडा तहानलेला असून पाणी पीत नाही. म्हणून अनोळखी जागी, गर्दीत, थकलेला असताना जो घोडा बादलीत तोंड घालून पाणी पितो आणि गवत ओढतो, तो या खेळात सोन्याच्या मोलाचा. हा गुण फोटोत दिसत नाही. तसेच खूर, नळ्या, सांधे. फुफ्फुस मेहनतीने तयार करता येतं, वाकडा पाय मेहनतीने सरळ होत नाही. तो आईबापाकडून आलेला असतो.

अरबी घोडा आला की पाच घोड्यांची कहाणी येतेच. तहानलेल्या घोड्या पाण्याकडे धावल्या, हाक आली, पाचच मागे फिरल्या आणि त्यांच्यापासून सगळे अस्सल वंश निघाले, असं सांगतात. ही कहाणी पैगंबरांच्या नावाने भाषणांतही ऐकू येते. गोष्ट गोड आहे, पण ती लोककथा आहे. हदीसच्या मान्य संग्रहांत तिला आधार नाही. कुहैलान, सकलावी, हमदानी, हदबान, उबय्यान ही वंशांची नावं खरी आहेत, आणि बदू लोक वंश आईकडून मोजत हेही खरं. पण का मोजत? घोडी त्यांच्या तंबूजवळ राही, तिच्या पाठीवर बसून ते छापे घालत, तिच्यामुळे जीव वाचे किंवा जाई. वंश सांगितला जाई तो या कसोटीला उतरलेल्या घोडीचा. कागद नंतर आला, आधी वाळवंट होतं.

कसोटी काढून घेतली की नुसता वंश उरतो. आज जगात अरबी घोड्यांच्या सौंदर्यस्पर्धा होतात. तिथे खोलगट चेहरा आणि मोठे डोळे यांना गुण मिळतात. काही पैदासकारांनी तो चेहरा इतका खोलगट करून ठेवलाय की श्वास नीट जातो का, अशी शंका पशुवैद्यांनी घेतली. घोड्याला श्वास तोंडाने घेता येत नाही, फक्त नाकाने घेता येतो. हजार वर्षं ज्याला श्वासासाठी निवडलं, त्याच्या श्वासाची वाट आपण फोटोसाठी अरुंद करायला निघालो.

कसोटी राखणाऱ्यांची पैदास कशी असते याचंही उदाहरण आहे. फ्रान्समध्ये पर्सिक नावाचा एक अरबी घोडा होऊन गेला. 1969 साली रशियातल्या तेर्स्क इथे जन्मलेला. तो स्वतः लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरला आणि मग त्याच्या मुलांनातवंडांनी युरोपभर नाव केलं. आधी स्वतः पळून दाखव, मग वंश चालव.

पण यात वेळ किती जातो ते बघा. घोडी अकरा महिने गाभण असते. शिंगरू झालं की पहिली काही वर्षं त्याला डोंगरउतारावर मोकळं हिंडू द्यायचं, म्हणजे हाडं आणि खूर पक्के होतात. चार-पाच वर्षांचं झालं की खोगीर. मग छोट्या शर्यती, मग थोड्या मोठ्या. जागतिक स्पर्धेत घोडा किमान आठ वर्षांचा लागतो. आज जोडी लावली तर तुमचा अंदाज बरोबर होता की चूक, हे कळायला नऊ-दहा वर्षं लागतात. डर्बीवाल्याला उत्तर चार-पाच वर्षांत मिळतं. शिवाय या शर्यतीत नाव काढणारे पुष्कळसे घोडे खच्ची केलेले असतात. जे पळून दाखवतात त्यांचा वंश पुढे जात नाही, आणि ज्या घोड्या शर्यतीत असतात त्या ऐन वयात वीत नाहीत. एका माणसाच्या हयातीत जेमतेम तीन-चार पिढ्या होतात. ज्याला सब्र नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

आणि ज्याला सब्र नाही अशा माणसाच्या हाती पैसा असला की काय होतं, त्याच्याही गोष्टी आहेत.

1892 साली जर्मन आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी व्हिएन्ना ते बर्लिन शर्यत लावली. सुमारे 580 किलोमीटर. मुख्य मान सर्वांत कमी वेळाला. विजेता 72 तासांच्या आत पोचला आणि त्याचा घोडा त्यानंतर लवकरच मेला. एकूण वीसहून अधिक घोडे मेले. हे सगळे घोडदळातले लोक होते, घोड्यावर प्रेम नव्हतं असं नाही. नियमात घड्याळाला सगळ्यांत वरचं स्थान होतं आणि घोड्यांनी त्याची किंमत मोजली.

1955 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी या गृहस्थाने शंभर मैलांची वाट काढली. आज तिला टेव्हिस कप म्हणतात. सिएरा नेवाडाच्या डोंगरातून हजारो मीटरचा चढ आणि त्याहून जास्त उतार, मुदत 24 तास. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोचतात. मुदतीत सुखरूप पोचलेल्या प्रत्येक स्वाराला चांदीचं एकसारखं बक्कल मिळतं, पहिला असो की शेवटचा. 1964 पासून तिथे हॅगिन कप नावाचं आणखी एक बक्षीस आहे. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो सगळ्यांत ताजातवाना असेल त्याला ते मिळतं. अनेक स्वारांना पहिल्या नंबरापेक्षा हा मान मोठा वाटतो. अशा शर्यतीसाठी पैदास करणारा माणूस आपोआप पाय बघतो, पाठ बघतो, डोकं शांत आहे का बघतो. नियमच त्याला तिकडे वळवतो.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला त्रास होतो, कारण ते आपल्याच माणसांबद्दल आहे. गेल्या तीस वर्षांत या खेळात सगळ्यांत जास्त पैसा आखातातून आला. तिथे सपाट, गुळगुळीत केलेल्या वाळूच्या वाटा तयार झाल्या. बाजूने गाड्यांचा ताफा, हातात पाण्याच्या बाटल्या घेतलेली माणसं. 160 किलोमीटरच्या शर्यतींचा सरासरी वेग ताशी 25 किलोमीटरच्या वर गेला. जगभरचे पैदासकार शहाणे असतात, गिऱ्हाईक काय मागतं ते ओळखतात. डोंगर चढणाऱ्या घोड्यांऐवजी सपाटीवर सुसाट सुटणारे घोडे हवेत म्हटल्यावर लांब पल्ल्याच्या वंशांत सपाट शर्यतींच्या अरबी वंशांचं रक्त मिसळलं जाऊ लागलं. वेग वाढला, आणि पायांची हाडं मोडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मार्च 2015 मध्ये एफईआयने संयुक्त अरब अमिरातीच्या अश्वक्रीडा संघटनेला काही महिन्यांसाठी निलंबित केलं. कारण घोड्यांचे हाल आणि नियमांची पायमल्ली. 2016 मधल्या एका शर्यतीत एका घोड्याचा पुढचा पाय मोडला, त्याला मारून टाकावं लागलं आणि शवविच्छेदनात पाय बधिर केल्याच्या खुणा निघाल्या. 2020 मध्ये एफईआयच्या न्यायाधिकरणाने त्या स्वारावर 20 वर्षांची बंदी घातली.

बधिर केलेला पाय म्हणजे काय, हे नालबंदाच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. घोड्याला बोलता येत नाही, लंगडणं हीच त्याची बोली. ती बोलीच सुईने बंद केली.

हे लिहिलं की काही वाचक म्हणतील, तुम्ही पाश्चात्त्यांची तळी उचलता, त्यांच्याकडे घोड्यांचे हाल होत नाहीत का? होतात, म्हणून तर व्हिएन्ना-बर्लिनची गोष्ट आधी सांगितली. आणि सुधारणाही आखातातूनच निघाली. अबूधाबीजवळच्या बूथीब इथे शेख सुलतान बिन झायेद यांनी 2015 च्या सुमारास आपल्या शर्यतींसाठी कडक नियम केले. नाडी 64 ऐवजी 56, वेगाला ताशी 20 किलोमीटरची मर्यादा आणि उत्तम प्रकृतीच्या घोड्याला मान. देश तोच, वाळू तीच, घोडेही तेच. नियम बदलले तेव्हा स्वारांचं वागणंही बदललं. मला यापेक्षा मोठा पुरावा नको.

धर्माचा मुद्दा काढायचाच असेल तर तो नीट काढू. कुरआनात धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने सुरू होणारी एक सूरह आहे, आदियात. तिचा दाखला देऊन घोड्यांचा अभिमान मिरवणारे खूप भेटतात. पण बुखारीतली एक नोंद फारशी कुणी सांगत नाही. पैगंबरांनी मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या तेव्हा मेहनत देऊन तयार केलेल्या घोड्यांना एक लांब अंतर दिलं आणि तयार न केलेल्या घोड्यांना दुसरं, पुष्कळ कमी. एक पाच-सहा मैलांचं, दुसरं मैलभराचं. घोड्याच्या तयारीप्रमाणे अंतर ठरवायचं, हे तत्त्व त्यात आहे. आजच्या एन्ड्युरन्सची पायरीपायरीची पात्रता वेगळं काय सांगते? जनावराच्या पाठीला मिंबर करू नका, म्हणजे त्याच्यावर बसून गप्पा छाटत राहू नका, अशीही शिकवण हदीसमध्ये आहे. पाठीवर बसून भाषणही नको, तिथे पाय बधिर करून पळवणं कुठे बसतं?

आणि नुसत्या रक्ताचा अभिमान हा आपला जुनाच रोग आहे. माणसांत समता सांगणाऱ्या धर्मात आपण शेख-सय्यदांना वर आणि पिंजारी, बागवान, आतार, नालबंदांना खाली बसवलं. लग्नं ठरवताना अजून खानदान विचारतो, मुलगा काय करतो ते नंतर. घोड्यांच्या बाबतीत 'असली खून' म्हणताना भाच्याला हे सुचलं नसेल, पण सवय तीच आहे.

आता आपल्या मातीकडे. एकोणिसाव्या शतकात बसरा आणि आखातातून जहाजं भरून अरबी घोडे मुंबईला उतरत. घोडदळ आणि शर्यतवाले ते विकत घेत. त्याच्याही आधी, सतराव्या-अठराव्या शतकात, भीमेच्या खोऱ्यात अरबी आणि तुर्की रक्ताचा इथल्या तट्टांशी मेळ होऊन भीमथडी तयार झाली. बुटकी, काटक, डोंगरात पाय न चुकणारी. मराठ्यांचे लांबच लांब पल्ले त्यांच्या पाठीवर झाले. राज्यगीतात त्यांचा उल्लेख आहे आणि तो म्हणताना आपला ऊर भरून येतो. मात्र ती तट्टं आज कुठे आहेत, हे फार थोड्यांना माहीत आहे.

ती धनगरांच्या कळपांबरोबर आहेत. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन देशावरून कोकणाकडे उतरणारे वाडे तुम्ही रस्त्यात पाहिले असतील. पुढे मेंढरं आणि मागे तट्टावर सगळा संसार. भांडी, पाल, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी वर बसलेलं पोर. शर्यत नाही, बक्षीस नाही, पण लांब पल्ल्याची कसोटी दरसाल चालू आहे. जे तट्टू वाटेत बसलं त्याचा वंश कोण वाढवणार? शेकडो वर्षं या वाटेने भीमथडी जिवंत ठेवली.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. आनंदाची गोष्ट आहे, आणि मला भीतीही तिचीच वाटते. मान्यता आली की बाजार येतो. मी सारंगखेड्याच्या यात्रेला दोनदा गेलोय. तापीकाठी दत्तजयंतीला देशभरातून घोडे येतात, बघून डोळे निवतात. पण भाव कशाला मिळतो ते मी तिथे उभं राहून ऐकलं. उंची किती, रंग कोणता, कानाची टोकं जुळतात का, देवमण कुठे आहे, भोवरे शुभ की अशुभ, ढोलावर नाचतो का. दोन दिवसांत एकाही माणसाने पुढचा पाय उचलून खूर पाहिलेला मला दिसला नाही. पळाल्यावर नाडी किती वेळात खाली येते, हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. या बाजारात भीमथडी गेली तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. बुटकी म्हणून तिला भाव मिळणार नाही. मग उंच घोड्यांचं रक्त मिसळून कुणीतरी 'सुधारित भीमथडी' विकेल. दहा-पंधरा वर्षांत नाव राहील आणि तट्टू जाईल.

म्हणून मी म्हणतो, मान्यतेबरोबर कसोटीही ठरवा. राजस्थानात मारवाडी घोड्यांच्या एन्ड्युरन्स शर्यती होतात, आपल्याकडेही भीमथडीसाठी व्हाव्यात. पहिल्या वर्षी 40 किलोमीटर, मग 60, मग 80. घोडा पूर्ण वयाचा हवा. नंबर नकोत, मुदत हवी. मुदतीत सुखरूप पोचलेल्या प्रत्येकाला सारखं बक्षीस, आणि मोठा मान दुसऱ्या दिवशी सकाळी न लंगडता, नीट चंदी खाऊन उभ्या राहिलेल्या घोड्याला. नाडीची मर्यादा 56, म्हणजे कुणाला दामटायचा मोह होणार नाही. वाट डोंगराची हवी, डांबराची नको. प्रत्येक घोडीची आणि तिच्या शिंगरांची नोंद ठेवायची, उंचीची नव्हे तर कुठल्या वर्षी किती चालली आणि कशी सावरली याची. आणि परीक्षकांच्या मांडीला मांडी लावून धनगर बसला पाहिजे. जात त्याने राखली आहे. बक्षीस त्याला न मिळता शहरातल्या फार्महाउसवाल्याला मिळणार असेल, तर हा उद्योगच नको.

काहीजण विचारतील, शर्यतीची गरजच काय, जनावराला सुखाने राहू द्या की. प्रश्न प्रामाणिक आहे. पण आपल्या जुन्या कोड्यात भाकरी का करपली, पान का सडलं आणि घोडा का अडला या तिन्हींचं उत्तर एकच आहे, फिरवलं नाही म्हणून. ज्या जातीचं काम संपतं ती एक तर संपते, नाहीतर शोभेची होते. धनगरांच्या वाटा दरवर्षी अडताहेत, गायरानं जाताहेत, टेम्पो आलेत. तट्टाचं रोजचं काम उद्या संपलं तर त्याच्या जागी दुसरी प्रामाणिक कसोटी हवी. ती नसेल तर ढोल आहेच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आंतरराष्ट्रीय खेळ महाग आहे, खरं आहे. पण 40 किलोमीटरच्या वाटेला लागतं काय? दोन-तीन पशुवैद्य, स्टेथोस्कोप, पाण्याच्या टाक्या, आणि 'हा घोडा आज पुढे जाणार नाही' असं सरपंचाच्या पोरालाही तोंडावर सांगण्याची हिंमत. पैशापेक्षा ही शेवटची गोष्ट जमवणं अवघड आहे. नियम कागदावर सगळीकडे चांगले असतात. आखातात ते मोडले कारण बाद करायचं कुणाला, हे बघून हात मागे घेतला गेला. आपल्याकडे ते होणार नाही अशी खात्री मी देत नाही. म्हणून सुरुवात छोटी हवी, जिथे मोठ्या माणसांना यायची इच्छाच होणार नाही.

भाच्याला मी तीन दिवसांनी उत्तर पाठवलं. त्याच्या शेखचा घोडा सुंदर आहे, त्यात वाद नाही. मी त्याला एवढंच विचारलं की व्हिडिओत घोड्याचे पाय का दाखवले नाहीत? त्याने पुन्हा बघितला आणि लिहिलं, 'मामू, गवत में छुपे हैं.' मग मी त्याला सांगितलं, दिवाळीनंतर सुट्टी काढ. आपण वाईच्या पुढे घाटात जाऊन उभं राहू. वाडे उतरायला लागले की तट्टं जवळून बघता येतील. मालकाला विचारून एकाचा खूर उचलून दाखवीन. कसा उचलायचा ते मला अजून येतं.